अर्ली अ‍ॅक्सेसला पूर्ण पैसे: नऊ महिने आणि 212 तासांनंतर

गेममधल्या माझ्या घराचा पत्रा अजून गळतोय. मंगळवारी परत अपडेट आलं, 14 जीबीचं, त्यात घोड्यांचे नवीन रंग आले, टोप्या आल्या, आणि मी घरात जाऊन उभा राहिलो, पाऊस लागायची वाट बघितली, तर पाणी पत्र्यातून सरळ चुलीवर. नऊ महिने झाले या गोष्टीला. गेमचं नाव टाकत नाही, गाव वसवायचं, शेती करायची, थंडीपावसात तगायचं असा आहे, आणि ज्यांनी खेळलाय त्यांना पत्रा म्हटल्यावर कळलंच असेल.

गेल्या जुलैत 1,899 ला घेतला, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे गेम अर्धवट असतानाच विकायला ठेवलेला, आणि तरी पूर्ण भावात. खरं तर घेतला भाच्यासाठी. तो धुळ्याला, मी अमळनेरला, आणि गेमच्या विक्रीच्या पेजवर लिहिलेलं की दोघांनी मिळून खेळायचा को-ऑप लवकरच येतोय. नऊ महिन्यांत आला नाही. मग तो दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा आम्ही एकाच कॉम्प्युटरवर पाळी लावून खेळलो, तो दिवसा विहीर खोदणार, मी रात्री दुकान बंद करून आल्यावर गुरं सांभाळणार. त्याच्या पाळीत जोराचा पाऊस आला आणि तो ओरडला, "मामा, घरमा पानी येस!" चूल विझली, गारठ्याने माणूस आजारी पडला, दोन दिवसांची लाकडं गेली. म्हणजे हा नुसता दिसण्यातला दोष नाही, पावसाळ्याचा अख्खा खेळ त्याने बिघडतो. आम्ही पत्र्यावर पत्रा टाकून बघितला, गवताचं छप्पर करून बघितलं, शेवटी चूल गोठ्यात हलवली, कारण का कोण जाणे गोठा गळत नाही. त्याच आठवड्यात गेम सेलला 1,139 ला लागला. 760 रुपयांचा फरक, चार महिन्यांत. जो थांबला त्याला स्वस्त, जो आधी विश्वास ठेवून आला त्याला महाग.

रिफंड का नाही घेतला असं कोणी विचारेल. स्टीम म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्याचा नियम आहे घेतल्यापासून 14 दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. अर्ली अ‍ॅक्सेसलाही हाच नियम. पण गेम नुसता मेनूवर उघडा असला तरी मीटर चालू असतं. माझी पहिली 35 मिनिटं शेडर, म्हणजे चित्र दाखवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम, बनण्यातच गेली, मग दोनदा क्रॅश, मग सेटिंग कमी-जास्त करण्यात तासभर. पहिला पाऊस मला चौथ्या तासाला दिसला. अर्धवट गेममध्ये खोट कुठेय हे दोन तासांत कळतच नाही.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेली सबमर्सिबल घेऊन येतो तेव्हा तारेपुरते पैसे आधी घेतो, बाकीचे मोटर बोअरमध्ये उतरून पाणी वर आलं की. नाही आलं तर तो माझ्या दारात उभा असतो आणि त्याचा तो हक्क आहे. जोखीम ज्याच्या अंगावर, त्याला भावात सवलत, हा आमच्याकडचा साधा हिशोब. इथे जोखीमही माझी आणि भावही पूर्ण, हे मला पटत नाही.

आणि असं करता येत नाही असंही नाही. माइनक्राफ्ट 2009 पासून अर्धवट अवस्थेत विकला गेला तेव्हा किंमत आधी कमी होती, अल्फाला, म्हणजे पहिल्या कच्च्या आवृत्तीला, साधारण 10 युरो, त्यानंतरच्या बीटाला 15, आणि नोव्हेंबर 2011 ला पूर्ण झाला तेव्हा 20. हा व्यवहार सरळ आहे. उलट "कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2" हा गेम फेब्रुवारी 2023 मध्ये अर्धवटच 50 डॉलरला आला, जवळपास मोठ्या गेमच्या भावात, 2024 मध्ये तो बनवणाऱ्या स्टुडिओवरच कपात आली, आणि कबूल केलेला मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची सोय, आलाच नाही. स्टीम स्वतःच सांगतं की गेम आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या. आपण पेजवरचा "लवकरच" वाचून घेतो. मीही तेच केलं.

पूर्ण भाव घेऊनही काम नीट झाल्याचं म्हणून बाल्डर्स गेट 3 या गेमचं उदाहरण लोक देतात, ते बरोबर आहे. ऑक्टोबर 2020 पासून पूर्ण 60 डॉलरला फक्त पहिला अंक मिळत होता, आणि ऑगस्ट 2023 ला गेम पूर्ण झाला तो जबरदस्त. पण तिथेही अर्ली अ‍ॅक्सेसचे सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले डाव, पुढे चालले नाहीत, आणि ज्यांनी तीन वर्षं थांबून घेतला त्यांनीही तेच 60 डॉलर दिले.

वरचं सगळं बुधवारी लिहिलं होतं, टाकायचं राहिलं. गुरुवारी रात्री आणखी एक छोटं अपडेट आलं आणि पत्रा गळायचा थांबला.

खरंच सांगतो, मी अर्धा तास काही केलं नाही. मग त्याच गेममध्ये नवा डाव सुरू केला, चार भिंती, वर पत्रा, पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावरचा तो आवाज, आत चूल पेटलेली, कोरडी जमीन. बाहेर अमळनेरला एप्रिलचं ऊन, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, आणि मी हेडफोन लावून पाऊस ऐकत बसलो. एवढं छान काम आहे ते. बनवणारी माणसं कष्टाळू आहेत यात मला शंका नाही, आणि 212 तासांना 1,899 म्हणजे तासाला 9 रुपये पडले, ते वसूल झाले हेही मान्य करतो. वर जेवढं कडक लिहिलंय तेवढा राग आता नाही.

पण मत तेच. आज जेवढा गेम आहे तेवढ्याचेच पैसे द्यायला मी तयार आहे, को-ऑपचे पैसे को-ऑप आल्यावर.

आणि अपडेटनंतर जुना सेव्ह उघडत नाही. आमचं गाव, विहीर, भाच्याने दिवाळीत लावलेली केळी, सगळं त्यात. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाच्या टॅबमध्ये जुनी आवृत्ती ठेवलीय त्यांनी, ती लावली की गाव परत येतं, पण पत्राही परत गळतो. शुक्रवारी भाच्याला फोन केला, दोन्ही सांगितलं. म्हणाला, मामा, जुनंच लाव, चूल गोठ्यात आहे ना अजून?