आयसिसॉरस कोल्बर्टीचं रेझिन मॉडेल: पाय झकास, पाटी जुनी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा डायनोसॉर आपल्या शोकेसमध्ये हवाच, म्हणून हे 1:40 मापाचं मॉडेल मागवलं. मूळ प्राणी साधारण 18 मीटर लांब धरतात, त्या हिशेबाने 45 सेंटिमीटर हवेत. टेप लावली तर जेमतेम 43 भरले. चालायचंच.

पुढचे पाय मात्र मन लावून केलेत. या जातीचे पुढचे पाय चांगलेच लांब, मान जाड आणि आखूड, त्यामुळे पाठ तरसासारखी मागे उतरत जाते. इतर मॉडेलवाले लांब मानेचा एकच साचा घेतात आणि नाव तेवढं बदलतात. इथे तसं नाही. कवटी आणि मागचे पाय उत्खननात मिळालेच नव्हते, तिथे शिल्पकाराची मर्जी. डोकं उगाच नाटकी केलं नाही, हे बरं. पोटाखाली जोडाची रेघ दिसते. पॉलिश पेपर मारला की जाते.

खरी तक्रार पाटीची. खोक्यावर ‘आयसिसॉरस’, स्टँडवर ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’! हे नाव सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये दिलेलं. पण टायटॅनोसॉरस ही प्रजाती (जिनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) शेपटीच्या मोजक्या मणक्यांवर उभी होती. 2003 मध्ये ती मोडीत निघाली आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आयसिसॉरस आलं. ‘कोल्बर्टी’ तेवढं टिकलं, कारण प्रजाती बदलली तरी जातीचं नाव सोबत जातं.

आणि हा कोल्बर्ट कोण? माहितीपत्रकात रंगांवर अर्धं पान, त्याच्यावर एक ओळ नाही. एडविन कोल्बर्ट, अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ. 1969 मध्ये अंटार्क्टिकात मिळालेली हाडं लिस्ट्रोसॉरसची असल्याचं त्याने ओळखलं. तोच जमिनीवरचा प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्याकडे बंगालमधल्या ‘पंचेत’ नावाच्या खडकांच्या थरांतही सापडलेला. एवढे समुद्र तो पोहून गेला असेल थोडाच! म्हणजे हे भूभाग एकेकाळी गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात जोडलेले होते. अशा माणसाचं नाव गोंडवनातल्या प्राण्याला शोभतंच, आणि ते सांगायला पत्रकात दोन ओळी पुरल्या असत्या.

पाचपैकी साडेतीन तारे.

कंपनीला एक सुचवतो. सोहनलाल जैनांच्या नावानेही 1995 पासून जबलपूरचा जैनोसॉरस आहे. त्याचं मॉडेल काढा, पहिली ऑर्डर माझी. पाटी छापण्याआधी फक्त कुणा जाणकाराला दाखवा.