अलिबागचा प्लॉट, साडेबारा लाख आणि पान नंबर तीन

आधीच सांगतो, मी काही अडाणी माणूस नाही. ३१ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, लोकांच्या बिलातले पंधरा रुपये कुठे गेले ते शोधून काढायचो. आणि मीच साडेबारा लाख असे दिले की त्यातल्या पाच लाखांचा साधा कागदसुद्धा माझ्याकडे नाही. घराबाहेर वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं, पण आता लिहितोय, कारण शेवटी येईलच.

२०२३ ची दिवाळी. रिटायरमेंटचे पैसे नुकतेच आलेले आणि आम्ही डोंबिवलीकर, म्हणजे समुद्राकाठी छोटंसं घर, दोन नारळ, एक झोपाळा ही स्वप्नं आम्हाला लोकलमध्ये उभ्याउभ्या पडतात. त्यावेळी सगळीकडे एकच चर्चा, शिवडी-न्हावाशेवा पूल सुरू होणार (१२ जानेवारी २०२४ ला झालाही, अटल सेतू), मग रेवस-करंजा पूल होणार, मग रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होणार, मग अलिबाग म्हणजे मुंबईचंच उपनगर. रेवस-करंजा पुलाचं आमच्या वडिलांनी अंतुल्यांच्या काळात ऐकलं होतं, पण हे मला तेव्हा आठवलं नाही. तर कोणीतरी ग्रुपवर एका लोकल साप्ताहिकाच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला, अमुक पट्ट्यात जमिनींना सोन्याचा भाव, मुंबईकरांची झुंबड वगैरे, आणि बातमीच्या शेवटी एका 'जाणकार व्यावसायिकाचं' मत आणि त्याचा मोबाईल नंबर. बातमीत मोबाईल नंबर कशाला असेल हा प्रश्न तेव्हा पडला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पैसे देऊन छापलेली बातमी होती ती.

फोन केला तर माणूस एकदम गोड. काका, वहिनींना घेऊन या, जागा आवडली नाही तर निदान ताजी मासळी खाऊन जा. डिसेंबरमधल्या एका रविवारी गेलो, मी, बायको आणि मेव्हणा. वडखळला नेहमीप्रमाणे दीड तास अडकलो. त्याने 'साडेअकराच्या आत पोचा' म्हणून तीन फोन केले, मला वाटलं काय वक्तशीर माणूस आहे. कारण नंतर कळलं.

गाव रेवदंड्याच्या अलीकडे, नाव देत नाही. जागा बघून खरं सांगतो, पाय निघेना. सुरूचं बन, त्यापलीकडे वाळू, चुन्याने रंगवलेले दगड लावून पाडलेले पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट, लोखंडी गेट, गेटवर इंग्रजी नावाचा बोर्ड. गुंठ्याला साडेसहा लाख, आजूबाजूला बारा चालू आहे म्हणाला. मी विचारलं, आम्ही शेतकरी नाही, आमच्या सात पिढ्यांत तुळशीच्या कुंडीपलीकडे कोणाच्या नावावर माती नाही, मग आम्हाला घेता येईल का? तर म्हणे काका, ही शेतजमीन नाहीच, एनए म्हणजे बिगरशेती आहे, हा बघा कागद. कागदावर कलेक्टर ऑफिसचा गोल शिक्का. आणि एनए नसती तरी काय, दीड लाखात शेतकरी दाखला काढून देतो. हे ऐकल्यावर तरी मी गाडीत बसायला हवं होतं ना? मी हसलो. मेव्हणा म्हणाला, माणूस कामाचा आहे.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या बंधनांचं पण विचारलं, अगदीच बावळट नव्हतो. तो म्हणाला २०१९ च्या नवीन नियमात २०० मीटरचं ५० मीटर झालंय. आता इथेच लोक फसतात, कारण हे अर्धं खरं आहे. २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर आहे, पण फक्त दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, आणि तेसुद्धा किनाऱ्याचा नवीन आराखडा मंजूर असेल तरच. बाकी गावांना भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र तसंच आहे. आमचा प्लॉट भरतीरेषेपासून जेमतेम सव्वाशे पावलांवर. म्हणजे घर सोडा, झोपाळा टांगायला खांब रोवायचा तरी विचार करावा लागला असता.

त्याच दिवशी ५१ हजार टोकन ऑनलाइन पाठवलं. डिसेंबरच्या शेवटी ७ लाखांचा चेक आणि ५ लाख रोख. रोख का, तर काका, मालकाची म्हातारी आजारी आहे, आणि सरकारी दर कमी आहे तर स्टॅम्प ड्युटी कशाला जास्त भरता, तुमचाच फायदा. साठेखत (पुढे विकू असा करार) केलं १०० च्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. रजिस्ट्रेशन नाही. तो म्हणाला एप्रिलमध्ये डायरेक्ट खरेदीखतच करू, दोनदा खर्च कशाला. नोटरीचा लाल शिक्का बघून मला इतकं गार वाटलं की काय सांगू. नोटरी फक्त सही कोणी केली ते बघतो, जमीन कोणाची ते नाही, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. निघताना त्याने कौतुकाने त्या साप्ताहिकाचे चार अंक हातात दिले, नातेवाईकांना वाटा म्हणून.

एप्रिल गेला. आचारसंहिता आहे म्हणाला, लोकसभेची होतीच, तेही पटलं. मे महिन्यात आम्ही न सांगता गेलो, पौर्णिमेच्या आसपासचा दिवस होता, दुपारी पोचलो तर चुन्याच्या दगडांची पहिली ओळ अर्धी पाण्यात. बाजूला जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, मुंबयशी आलाव काय? मग म्हणाले डिसेंबरात तुम्हाला सकाळी बोलावलं असेल, ओहोटीला. इथे समुद्र बघायचा तर अमावस्या-पौर्णिमेला भरतीच्या वेळी बघायचा, आणि खरा बघायचा तर जून-जुलैत उधाणाला. ही जागा म्हणजे जुनं खाजण (बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली भातजमीन), बांध फुटल्यापासून कोणी भात लावलेलं नाही. पुढे काही बोलले नाहीत, उठून गेले. मला वाटलं असतील काहीतरी गावकीची भांडणं.

परत येताना बायकोने पावसाळ्याची बेगमी म्हणून दोन किलो सुकट घेतली. दुसऱ्या दिवशी निवडायला बसली, खाली पसरायला पेपर हवा म्हणून त्याच चार अंकांतला एक काढला आणि पाच मिनिटांनी हाक मारली, अहो, आपला गट नंबर काय आहे?

पान नंबर तीन, उजव्या कोपऱ्यात जाहीर नोटीस. तमाम जनतेस कळविण्यात येते की मौजे अमुक येथील गट नंबर तमुक ही मिळकत आमच्या अशिलांची सामाईक व अविभक्त असून वाटप झालेलं नाही, कोणीही खरेदी, गहाण, साठेखत करू नये, केल्यास ते बंधनकारक राहणार नाही. खाली वकिलाचं नाव. पहिल्या पानावर सोन्याचा भाव आणि आतल्या पानावर हे. त्याने स्वतःच्या हाताने मला दिलेला अंक! त्यानेही आतलं पान उघडलं नसणार. आणि मी? पाच महिने कपाटात जपून ठेवला होता. सुकटीचा वास येतो अजून त्या पानाला, पोलिसांकडे झेरॉक्सच दिली.

मग मी जे डिसेंबरात करायला हवं होतं ते केलं. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला, १५ रुपये लागतात, पंधरा. त्याने मला दाखवलेली होती २००९ च्या हस्तलिखित सातबाऱ्याची झेरॉक्स, त्यावर तीन भावांची नावं. आताच्या सातबाऱ्यावर चौदा. 'इतर हक्क'च्या रकान्यात कुळाचं नाव, कुळकायदा कलम ४३ चा शेरा, म्हणजे सहसा कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतरच नाही. त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार) होतं ते तिघांपैकी एका भावाचं, आणि तो भाऊ २०२१ मध्येच वारलेला. माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही सहसा संपतं, हे वकिलाने सांगितलं. तलाठी ऑफिसात फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी) बघितले तर वारसनोंद रीतसर आहे, तारखेसकट. आणि तो एनएचा कागद? एनएची ऑर्डर नव्हतीच, एनए मिळावा म्हणून केलेला अर्ज होता, गोल शिक्का आवक विभागाचा. पोस्टाची पोचपावती दाखवून मनीऑर्डर मिळाली म्हणण्यातला प्रकार.

वकिलाने अजून एक विचारलं, जाहिरातीवर महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर होता का? ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉटिंगचा प्रोजेक्ट असेल तर नोंदणी लागते, विकणाऱ्या एजंटलाही लागते. बोर्डावर नंबर नव्हता, क्यूआर कोड नव्हता, होता तो डॉल्फिन. आमच्या समुद्रात डॉल्फिन दिसतो म्हणे. मला तरी नाही दिसला.

फोन केला तेव्हा तो अजिबात चिडला नाही, हे मला जास्त लागलं. काका, तुमचे पैसे कुठे जात नाहीत, भाऊबंदकी कुठे नसते, सामाईकात तुमचं नाव लावून देतो. पाच गुंठे शेतजमिनीचा तुकडा तुकडेबंदीत, म्हणजे शेताचे फार छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकतो हे तोवर मी वाचलं होतं, तसं बोललो, तर म्हणाला काका तुम्ही फार अभ्यास करायला लागलात. मग जूनमध्ये दीड लाखाचा चेक दिला, तो वटला. जुलैत तीन लाखांचा दिला, तो बाउन्स. इथे एक लक्षात ठेवा, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, कलम १३८ ची. तो 'थांबा ना काका, गणपती होऊ द्या' म्हणत होता ते याचसाठी. मुलाने ऐकलं नाही म्हणून वाचलो, २६ व्या दिवशी नोटीस गेली.

पोलीस स्टेशनला पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब म्हणाले हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्यांदा वारसनोंदीचा फेरफार, मुखत्यारपत्राची प्रत आणि नोटीस छापलेलं पान एकावर एक ठेवलं, मेलेल्या माणसाच्या नावाने साठेखत केलंय म्हटल्यावर ते खुर्चीत जरा सरळ बसले. ४२० दाखल झाला. तिथेच बाकड्यावर ठाण्याचे एक बँकेतले गृहस्थ भेटले, त्यांचं साठेखत आणि माझं साठेखत एकाच प्लॉटचं निघालं, चतुःसीमेसकट. आम्ही दोघं बघतच राहिलो एकमेकांकडे, मग बाहेर जाऊन चहा प्यालो. काय बोलणार.

पाच लाख रोख गेले ते गेलेच, पावती नाही, साक्षीदार मेव्हणा, आणि मेव्हण्याला आता नीट काही आठवत नाही म्हणे. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला इन्कम टॅक्सचा दंड आहे, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. बाकीची केस चालू आहे, तारखेला मी पहाटेची गाडी पकडून जातो, आता वडखळच्या ट्रॅफिकचंही काही वाटत नाही.

हे सगळं आज का लिहितोय, तर मागच्या आठवड्यात जुन्या ऑफिसातल्या एकाने मला एक जाहिरात फॉरवर्ड केली, तुम्ही अलिबागला जागा घेतली होती ना, ही कशी वाटते म्हणून. नवीन नाव, नवीन बोर्ड, डॉल्फिनच्या जागी आता शिंपला. गुंठ्याला नऊ लाख. साइट व्हिजिट रविवारी सकाळी साडेअकराच्या आत. मी फोटो मोठा करून कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचला. गट नंबर तोच आहे.