बावीस वर्षांनी नवी सायकल, राजहंसगडच्या चढावर

माझी जुनी रेसिंग सायकल २००३ सालची. गिअरच्या कांड्या खालच्या दांडीवर, टायर २३ मिमीचे आणि दगडासारखे टणक. बेळगावातल्या अनगोळहून येळ्ळूर, पुढे राजहंसगड, ही माझी रविवारची फेरी. अलीकडे येळ्ळूर येईपर्यंत बोटं बधीर व्हायची आणि गडाचा शेवटचा चढ सायकल ढकलत चढायचो. वय झालं, असंच धरून चाललो होतो.

टिळकवाडीतल्या एका दुकानात कार्बन फायबरच्या सांगाड्याची सायकल बघायला गेलो. तिथल्या पोरानं किंमत सांगायच्या आधी मला भिंतीला टेकवून उभं केलं, पायांच्या मध्ये जाड वही धरायला लावली आणि टेप लावला. "काका, जुनी ५६ची हाय न्हवं? तुम्हाला ५२ पुरे की ओ!" हे आकडे सांगाड्याच्या मापाचे, सेंटीमीटरमध्ये. माझी उंची ५ फूट ५ इंच. म्हणजे इतकी वर्षं मी हँडलपर्यंत ताणून बसत होतो आणि सगळा भार तळहातांवर. कार्बनचा विषयही त्यानंच बाजूला सारला. ६५ हजारांत ॲल्युमिनियमची, शिमानो कंपनीच्या सोरा गिअरची सायकल घेतली.

खरा फरक चढावर कळला. जुनीचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढचं दातेरी चक्र ४२ दात्यांचं, मागचं २४. पायडलच्या एका फेरीत चाक पावणेदोन वेळा फिरायचं. नवीला पुढे ३४, मागेही ३४, म्हणजे एका फेरीला चाकाची एकच फेरी. वेग कमी होतो, पण गुडघे तक्रार करत नाहीत. पहिल्याच रविवारी न उतरता वर गेलो, खूप बरं वाटलं. ३२ मिमीच्या टायरमध्ये हवा ६० पीएसआयच भरतो, त्यामुळे जांबोटी रोडचे खड्डेही मनगटाला बसत नाहीत.

उणीवा आहेत. सीट इतकी कडक, की आठवड्यात बदलली. तांबड्या चिखलात डिस्क ब्रेक किंचाळतात. मात्र पावसात जुन्या रबरी ब्रेकपेक्षा लगेच धरतात. आणि व्हॉल्व्ह बारीक, त्याला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही. पितळी अडॅप्टर दुकानातूनच मागून घ्या, खिशात ठेवा.

जुनी सायकल भाच्याला दिली. तो सहा फुटी आहे, त्याला ५६ बरोबर बसली.