लॉनवरची पांढरी छत्री की वारुळाची अळंबी?

पाऊस लागला की खारघर-नेरुळच्या सोसायट्यांत लॉनवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि विचारणा सुरू होते: ही रानअळंबीच ना, खाल्ली तर चालेल? लॉनवरची ही छत्री बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस असते, म्हणजे विषारी. रानअळंबी ती टर्मिटोमायसिस, वाळवीच्या वारुळातून वर येणारी.

नुसतं वरून पाहून ठरवू नका. क्लोरोफायलमच्या टोपीवर तपकिरी खवले आणि दांड्यावर सरकणारं कडं असतं, अळंबीच्या टोपीला मधोमध उंचवटा असतो. पण सरीत खवले धुऊन जातात, आणि काही अळंब्यांनाही कडं असतं.

भरवशाची खूण जमिनीखाली मिळते. छत्री उपटू नका, खुरप्याने भोवतीची माती हळूहळू काढा. अळंबीचा दांडा मुळासारखा निमुळता होत थेट वारुळापर्यंत जातो, कारण वाळवी ही बुरशी आत पोसत असते. क्लोरोफायलमचा दांडा तळाशी जरा फुगतो आणि तिथेच संपतो. ती मातीतल्या कुजक्या काडीकचऱ्यावर जगते, म्हणून पुष्कळदा गोल रिंगण करून उगवते.

मग ठसा घ्या, म्हणजे टोपीखालच्या पापुद्र्यांतून गळणाऱ्या बीजाणूंच्या भुकटीचा. टोपी कापून पापुद्र्यांची बाजू कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालून रात्रभर सोडायची. हिरवट ठसा उमटला तर क्लोरोफायलमच समजा. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेच असतात, तिथेच लोक फसतात. गुलाबीसर ठसा अळंबीचा असू शकतो, पण गवतात उगवणाऱ्या एन्टोलोमा नावाच्या छत्रीचाही गुलाबीच असतो आणि तिच्या काही जाती विषारी आहेत. पांढरा ठसा अमानिटा नावाच्या छत्र्यांचाही असतो. त्यातल्या काही जाती यकृत निकामी करून जीव घेतात.

छत्रीसोबत शिजवलेलं चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडते का, यावरून विष ओळखायची परीक्षा साफ खोटी.

माझं मत स्पष्ट आहे: सोसायटीच्या लॉनवरची छत्री ताटात नको, शिजवूनही नको. ठाण्याजवळचं येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून तोडूही नका. खायचीच असेल तर वर्षानुवर्षं वारुळावरून काढून स्वतःच्या घरी रांधणाऱ्या पाड्यावरच्या बाईकडून घ्या, आणि लांब मुळासकट मागा.

कुणी चुकून क्लोरोफायलम खाल्ली तर साधारण 1 ते 3 तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात. वाट न पाहता रुग्णालय गाठा, विशेषतः मूल असेल तर, आणि उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवायला कागदात गुंडाळून न्या.