‘गोल्डन बांबू’ म्हणून घेतलेली १२ रोपं: दीड वर्षानंतर

पुण्यात कंपाउंडच्या भिंतीलगत आडोशासाठी लावलेल्या या १२ रोपांनी दोन पावसाळे काढले. त्यातली १० खरी ‘अल्फॉन्स कार’ म्हणजे बांबुसा मल्टिप्लेक्स, आणि २ निघाली ‘विट्टाटा’ म्हणजे बांबुसा व्हल्गॅरिस. पहिला साधारण १५-२० फूट जातो, काठी अंगठ्याएवढी. दुसरा ३०-४० फूट, काठी मनगटाहून जाड. भिंतीपासून अडीच फुटांवर तो लावणं म्हणजे भिंतीशी वैर.

नर्सरीत फसगत होते ती जाडीमुळे. बांबूची काठी कोंबातून वर आली की पुढे जाड होत नाही. दर वर्षीचे नवे कोंब जाड निघतात. त्यामुळे पिशवीतला विट्टाटाही करंगळीएवढाच असतो. रंगाचाही उपयोग नाही, पिवळ्यावर हिरव्या रेघा दोघांनाही.

पान मात्र उलटून बघा. अल्फॉन्स कारचं पान अरुंद, जेमतेम दीड सेंटिमीटर, आणि पाठ निळसर पांढरी. विट्टाटाचं दोन ते चार सेंटिमीटर रुंद, पाठीला ती पांढरट झाक नाही. गाठीवरच्या फांद्याही पाहाव्यात: अल्फॉन्स कारला साधारण सारख्या जाडीच्या बारीक फांद्यांचा झुपका, तोही खालच्या गाठींपासून, विट्टाटाच्या झुपक्यात मधली एक फांदी ठळक जाड.

तरी खात्री पटते ती कोंबाच्या आवरणावरून. काठी वाढली की ते गळतं, म्हणून पावसाळ्यात कोंब दोन-तीन फुटांचा असतानाच बघायचं. विट्टाटाच्या आवरणावर काळपट तपकिरी लव असते, हाताला लागली की खाजते. वर दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे गोल भाग आणि त्यांना राठ केस. अल्फॉन्स कारचं आवरण गुळगुळीत, पाळ्या नावापुरत्या, वरची कड एका बाजूला उतरती. उन्हातल्या कोंबाला सुरेख गुलाबी झाक येते, सावलीत येत नाही.

गाठीवर दोनच मुख्य फांद्या आणि त्यांच्या वर काठीला पन्हळीसारखी खाच दिसली, तर रोप परत करा. तो फायलोस्टॅकिस, जमिनीखालून लांब धावणारा. गंमत म्हणजे इंग्रजीत ‘गोल्डन बांबू’ म्हणतात ते त्यातल्याच एका जातीला.

आडोसा म्हणून अल्फॉन्स कारला पैकीच्या पैकी. एकमेकांपासून तीन फुटांवर लावलेली रोपं आता आठ फुटांची आहेत आणि खालपासून भरली आहेत. दिसायला नीटनेटकं म्हणून खालच्या फांद्या छाटू नका, आडोसा त्यांचाच असतो. शेंडा गाठीच्या जरा वर कापावा. ती काठी पुन्हा उंच होत नाही. एप्रिलमध्ये पानांची सुरळी झाली की तहान समजावी. पानगळीत पिवळी पानं पडली म्हणून खत ओतायची गरज नाही. आवरणाच्या आत पिठ्या ढेकूण बसतो, त्यावर लक्ष ठेवावं.

दोन्ही विट्टाटा जूनमध्ये हलवून भिंतीपासून १२ फुटांवर लावले. काठी तीन-चार गाठींवर कापून, वाकडा कंद मुळांसकट काढावा लागतो. त्यावरचे डोळे कुदळीने दुखावले तर काठी काही महिने हिरवी राहते, नवा कोंब मात्र येत नाही.