इल्या ठेवायचं की एलियाहू?

एका बाजूचे आजी-आजोबा कोकणातले, दुसऱ्या बाजूचे मिन्स्क नाहीतर ओडेसाकडचे, अशी घरं इस्रायलमध्ये आता नवलाची राहिलेली नाहीत. १९९० नंतर सोव्हिएत संघातून लाखो लोक इथे आले. त्यांतले बरेच अश्दोद, बीरशेवा, दिमोना, लोद या गावांत उतरले, आणि तिथे आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू, आधीपासून होतेच. शेजार झाला, सोयरीक झाली. आता मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी नाव सांगायचं असतं, आणि दोन्ही घरांना चालेल असं नाव शोधता शोधता गाडी हमखास याच दोन नावांपाशी येते. आमच्याकडेही आली. आम्ही काय ठरवलं ते पुढे येईलच, पण आधी दोन्ही नावांचं ज्याचं त्याला देतो.

दोन्ही नावं बायबलमधल्या एकाच संदेष्ट्याची, एलियाहू हे हिब्रू रूप आणि इल्या हे रशियन. पण रशियात पोचल्यावर इल्या हे नाव नुसतं धर्मग्रंथातलं राहिलं नाही, मातीतलं झालं. तिथल्या वीरगाथांमधला सगळ्यात लाडका वीर इल्या मूरोमेत्स. तेहतीस वर्षं त्याला चालता येत नव्हतं आणि मग तो उठला तो थेट घोड्यावर बसला. गडगडाट झाला की खेड्यातली माणसं म्हणत, संदेष्टा इल्या आभाळातून रथ हाकतोय. २ ऑगस्ट हा त्याचा दिवस, आणि त्यानंतर नदीत पोहू नये असा समज. आमच्या सासूबाई ज्यू घरातल्या, तरीही हा नियम त्यांना तोंडपाठ आहे. ते नाव त्या देशात किती खोल मुरलंय ते मला यावरून कळलं.

नाव धारण करणारी माणसंही तोलामोलाची. व्होल्गाच्या काठाने दोर खांद्याला लावून जहाज ओढणारे मजूर ज्याने रंगवले तो इल्या रेपिन. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारा इल्या मेच्निकोव्ह. त्याची आई ज्यू वंशाची होती. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं, आणि आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढतं हा विचारही त्यानेच हिरिरीने मांडला. पुढे भौतिकशास्त्रात इल्या फ्रांक (१९५८), रसायनशास्त्रात इल्या प्रिगोझिन (१९७७). आजच्या पिढीला सांगायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेतला संशोधक इल्या सुत्स्केव्हर, जन्म रशियातला पण लहानपण जेरुसलेममधलं. मुलाने मोठेपणी विचारलं, ‘हे नाव का ठेवलंत?’ तर बापाला सांगायला भरपूर आहे.

एलियाहूची यादी वेगळ्या वळणाची आहे. अठराव्या शतकातले विल्नाचे गाओन म्हणजे थोर धर्मपंडित, रब्बी एलियाहू बेन श्लोमो झाल्मन (१७२०–१७९७), ज्यांच्या शब्दाला लिथुआनियाभर वजन होतं. इस्रायलसाठी हेरगिरी करताना दमास्कसमध्ये फासावर गेलेला एली कोहेन, त्याचंही पूर्ण नाव एलियाहू. पण खरं सांगायचं तर आपल्या लोकांना या नावासाठी मोठ्या माणसांची गरजच नाही. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर रथाची खूण आहे, एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, तिथूनच आभाळात गेले, असं आपल्या पणज्या सांगत आल्या. नवस बोलायचा तो त्यांनाच, फेडायचा तो मलिद्याने. माझ्या आईच्या हातचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेला ओला नारळ, वेलची, ताटात कडेने फळं मांडलेली, आणि मग सगळ्यांनी मिळून ‘एलियाहू हन्नबी’ म्हणायचं. घर अश्दोदचं असो नाहीतर ठाण्याचं, ते ताट तसंच दिसतं. असं दुसरं कुठलंही नाव आपल्याकडे नाही.

एवढ्यावर काटा समसमानच राहिला असता. माझ्या बाबतीत तो कलला एका कटकटीमुळे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. माझ्या मेहुण्याचं नाव इल्या.

हिब्रूत रोजच्या लिखाणात स्वरचिन्हं देत नाहीत. इल्या लिहिताना अक्षरं येतात आलेफ, योद, लामेद, योद, हे. आणि अयाला हे मुलीचं नाव लिहिताना आलेफ, योद, योद, लामेद, हे. अक्षरं तीच पाच, फक्त मधल्या दोघांची जागा बदललेली. वर शेवटी ‘हे’ आलं की हिब्रू वाचणाऱ्याचा डोळा ते स्त्रीचं नाव म्हणूनच घेतो. मेहुण्याच्या गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा मी त्याच्यासोबत दवाखान्यात जायचो. दार उघडायचं, आतली बाई कागदाकडे बघून हाक मारायची, ‘अयाला!’ कोणी उठायचं नाही. ती पुन्हा हाक मारायची, मग आडनाव वाचायची, मग हा सव्वासहा फुटी गडी उठून उभा राहायचा आणि सगळी बाकं त्याच्याकडे बघायची. फोनवरही तेच. हिब्रूत समोरच्याशी बोलतानाही क्रियापद मराठीसारखंच लिंगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे पलीकडून ‘तू कधी येतेस?’ असंच विचारलं जातं. त्याने ते केव्हाच सोडून दिलंय. पण शाळेत असताना त्याला त्याचा किती त्रास झाला ते त्याने एकदा मला सांगितलं, आणि ते माझ्या मनातून गेलं नाही. नाव म्हणजे दिवसातून दहादा हाक येणारी गोष्ट. पोराने ती दर वेळी दुरुस्त करत बसायची, हे मला पटेना.

सगळ्यांनाच असं होत असेल असं मी म्हणणार नाही. रशियन वस्तीत राहिलात, शाळेत वर्गात तीन इल्या असले, तर प्रश्नच येणार नाही. कागदपत्रांची आणखी एक भानगड मात्र आहे. मेहुण्याच्या जुन्या रशियन पासपोर्टवर रोमन अक्षरांत नावात ‘वाय’ होता, नियम बदलल्यावर नव्या पासपोर्टवर तिथे ‘आय’ आला. विमानाचं तिकीट काढताना समोर कुठला कागद ठेवलाय ते बघूनच नाव टाकावं लागतं.

आता एलियाहूच्या उणिवा, कारण त्याही आहेत. रशियनमध्ये ‘ह’ नाही, त्यामुळे सासरची मंडळी ‘एलियाखू’ म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकताना कानाला जरा टोचतं. इथले लोक घाईत ‘एलियाऊ’ म्हणतात. नाव जुन्या वळणाचं आहे, ऐकणाऱ्याला वाटतं घर फार धार्मिक असणार. आणि शेवटी बहुतेकांचं एली होतं, जे एलिएझरचंही होतं आणि एलिमेलेखचंही. माझ्या आईची तक्रार मात्र उलट्या बाजूने होती. तिच्या कानाला ‘इल्या’ हे गण्या, पक्या यांच्या रांगेतलं वाटलं, म्हणजे लाडाचं किंवा दटावणीचं, देवाच्या माणसाचं नाही. मी यावर निर्णय घेतला नसता, पण मराठी बोलणारी आजी घरात असेल तर हेही ऐकून घ्या.

काहीजण मधली वाट सुचवतात, एलिया. बायबलमध्येही हे रूप आहे, आणि ऐकायला सुंदर आहे. पण इथे हल्ली ते मुलांना आणि मुलींना, दोघांनाही ठेवतात, त्यामुळे माझ्या दृष्टीने तीच अडचण पुन्हा दारात.

बायकोकडचा आग्रह तिच्या पणजोबांसाठी होता, आणि तो रास्त होता. गेलेल्या माणसाचं नाव पुढे चालवायचं ही त्यांची रीत. अशा वेळी एक गोष्ट जरूर तपासा. सोव्हिएत काळात कागदावर इल्या असलेला माणूस घरात एलियाहूच असेल असं नाही. विनोदी लेखक इल्या इल्फचं जन्मनाव येहिएल-लेइब फाइन्झिलबर्ग होतं. पणजोबांच्या कबरीचा जुना फोटो सासूबाईंनी कपाटातून काढला, त्यावर हिब्रूत स्पष्ट एलियाहू कोरलेलं होतं. त्यानंतर त्या घरातला विरोध आपोआप मावळला, कारण नाव त्यांचंच निघालं.

आणि एक माणूस मला याच सुमारास सापडला, गणितज्ञ रिप्स. १९४८ साली लाटव्हियात जन्म. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले त्याच्या निषेधार्थ १९६९ मध्ये त्याने रिगाच्या चौकात स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचला, १९७२ मध्ये इस्रायलला आला आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिकडे इल्या, इकडे एलियाहू. नाव बदलून त्याचं काही हरवलं असं मला तरी दिसत नाही.

आम्ही एलियाहू ठेवलं. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून ‘इल्यूशा’ म्हणतात, आणि तो ओ देतो. एलियाहूमधून इल्यूशा सहज निघतो, त्यासाठी कागदावर इल्या लिहावं लागत नाही. उद्या तुम्ही टोरांटोला किंवा बर्लिनला जाणार असाल, मुलाचं शिक्षण हिब्रूत होणार नसेल, तर इल्या निर्धास्त ठेवा, छोटं आणि देखणं नाव आहे. इथेच राहायचं असेल तर अर्ज भरण्याआधी दोन्ही नावं स्वरांशिवाय कागदावर लिहा आणि घराबाहेरच्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.