केमनचे आठ महिने: हवा कमी झालेली आधी हाताला कळली, मग दिव्याला

आठ महिन्यांपूर्वी सेकंड हँड पोर्शे ७१८ केमन ही स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन, आवाज, ब्रेक यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते टायरमधल्या हवेबद्दल.

जानेवारीतला रविवार. सकाळी साडेसहाला कोल्हापूरच्या फुलेवाडीहून गगनबावड्याकडं निघालो, शेजारी धाकटा भाऊ. निघताना गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायर ठीक दिसले. कळे गाव मागं पडलं, उसाच्या ट्रॉल्या विरळ झाल्या आणि साळवणच्या पुढं वळणं लागली. डाव्या वळणात गाडीचं नाक नेहमीसारखं चटकन आत गेलं, पण मागचा भाग क्षणभर उशिरा आला आणि आल्यावर एकदा डुलला. उजव्या वळणात काहीच नाही.

"दादा, रस्त्यालाच लाटा हायत," भाऊ म्हणाला.

पुढच्या डाव्या वळणात परत तेच. डावीकडं वळताना भार उजव्या बाजूवर येतो, म्हणजे घोटाळा उजव्या मागच्या चाकात. मीटरवर चारही चाकांची हवा बघितली: मागचं उजवं मागच्या डाव्यापेक्षा ४ पीएसआयनं (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी. इशाऱ्याचा दिवा तोवर लागला नव्हता. थांबायला सपाट जागा सापडेपर्यंत तोही लागला.

घरच्या हॅचबॅकची हवा गेली की टायर बसलेला लांबूनही दिसतो. या गाडीला मागं २६५/४५ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के), १८ इंची टायर आहेत. त्यांची बाजूची भिंत रुंदीच्या मानानं बुटकी आणि कडक, त्यामुळं चार-पाच पीएसआय गेले तरी नजरेला काही कळत नाही. आत मात्र ती भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते. ताशी १०० किलोमीटरला हे चाक मिनिटाला साडेसातशेच्या वर फेऱ्या मारतं. तेवढ्या वेळा वाकून रबर तापतं, आतल्या धाग्यांपासून सुटायला लागतं आणि हायवेवर, वेगात असताना, टायर फुटतो. म्हणून अशा गाडीत हवा हा सर्व्हिसिंगच्या वेळी बघायचा विषय नाही. माझं हे मत ठाम आहे.

त्यानंतर हवा मोजायचं हातातलं डिजिटल गेज घेतलं. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी थंड टायरवर, दर आठवड्याला बघतो. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पेट्रोल पंपावरची पोरं "दादा, पस्तीस मारू?" म्हणतात ते सगळ्या गाड्यांच्या सवयीनं; त्यांना आकडा आपणच सांगावा. पंधरा-वीस किलोमीटर पळाल्यावर हवा तीन-चार पीएसआयनं चढलेली दिसते. ती जास्त झाली म्हणून काढू नका, टायर थंड झाला की कमी पडेल. हवामान दहा अंशांनी उतरलं तर साधारण दीड पीएसआय आपोआप घटतो, म्हणून ऑक्टोबरात भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही. नायट्रोजन भरून निश्चिंत राहणाऱ्यांना एवढंच सांगेन की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तपासणं सुटत नाही.

आणखी एक गोष्ट गाडी घेण्याआधी लक्षात ठेवा: हिला स्टेपनी नाही. भोक बुजवायचं रसायन आणि छोटा कंप्रेसर मिळतो. रसायन टाकलं तर वेग ८० च्या आत ठेवावा लागतो, आणि नंतर टायर आतून साफ करणं पंक्चरवाल्याला जिकिरीचं होतं. टायर बाजूनं चिरला असेल तर त्या रसायनाचा उपयोगच नाही. त्या दिवशी मी फक्त कंप्रेसरनं हवा भरली, गाडी पन्नासच्या पुढं नेली नाही आणि कळे गावात थांबून परत मोजली. दोन पीएसआय उतरले होते. पुन्हा भरली आणि कोल्हापूर गाठलं.

टायर रिमवरून काढल्यावर नक्षीच्या मधोमध छोटा स्क्रू निघाला. आदल्या दिवशी कामाला उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, गेलो होतो, तिथंच घुसला असावा. भोक मधोमध होतं म्हणून आतून मश्रूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) बसला. कडेला असतं तर मी दुरुस्ती न करता टायरच बदलला असता. पॅचनंतर दोन आठवडे रोज सकाळी मोजलं. मागची दोन्ही चाकं सारखी आहेत, आणि साळवणच्या पुढच्या त्या डाव्या वळणात गाडीचं शेपूट आता नाकाच्या मागोमाग येतं.